सुट्टीतील आरोग्य : पेण-रोह्याच्या वाटेवर

माथेरानची हवा

सुट्टी आणि आरोग्य यांचा संबंध रायगड जिल्ह्यात जुना आहे. १८५० मध्ये ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानच्या पठारावर चढले आणि काही वर्षांतच मुंबईतील साहेब व धनिक मंडळी तेथे हवापालटासाठी जाऊ लागली. रोग दूषित हवेतून जडतात, अशी त्या काळातील वैद्यकाची समजूत होती. म्हणून सुमारे ८०० मीटर उंचीवरील स्वच्छ वारा हेच औषध मानले जाई. जंतूंचा शोध लागल्यावर ती समजूत मागे पडली. मात्र तिचा परिणाम पुष्कळदा खरा ठरत असे, कारण उंचावर डास कमी असत आणि वस्ती विरळ असे.

आजचा बहुसंख्य पर्यटक उलट दिशेने जातो. पेण, वडखळ, रोहा, कोलाड, अलिबाग, मुरूड अशा सखल, दमट, खाडीकाठच्या प्रदेशात तो दोन-तीन दिवसांसाठी उतरतो. तेथे होणाऱ्या त्रासांची यादी लांबलचक वाटते, पण त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी एकच पदार्थ असतो, तो म्हणजे पाणी. घामावाटे गेलेले, अशुद्ध प्यायलेले, पावसात साचलेले आणि भरतीने चढलेले.

प्रदेश

पूर्वेस सह्याद्री, पश्चिमेस अरबी समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत खाड्यांचे जाळे, अशी या भागाची रचना आहे. वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, परंतु जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यामुळे ऑगस्टमध्ये रस्त्यावरून वाहणारे पाणी एप्रिलमध्ये टँकरने आणावे लागते. हंगाम बदलला की धोकाही बदलतो. उन्हाळ्यात घाम आणि जुलाब, पावसाळ्यात पूर आणि ताप. थंडी त्यातल्या त्यात निर्धोक. मडक्यात वालाच्या शेंगा भाजण्याचा, म्हणजे पोपटीचा, हंगामही तोच, हा योग चांगला जुळून आला आहे.

गाडी लागणे

कानाच्या आतील भागात शरीराचा तोल आणि गती ओळखणारी नलिकांची यंत्रणा असते. डोळे पुस्तकावर किंवा मोबाइलवर खिळलेले असताना ते मेंदूला स्थिरतेचा संदेश देतात, तर कान वळणांचा आणि हेलकाव्यांचा. या विसंगतीतून मळमळ उद्भवते. चालकाला गाडी सहसा लागत नाही, कारण पुढील वळण त्याला आधीच दिसलेले असते. पुढच्या आसनावर बसून दूर क्षितिजाकडे पाहण्याचा उपाय याच तत्त्वावर चालतो. ताम्हिणी घाटातून कोलाडकडे उतरताना किंवा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या बोटीत तो सारखाच लागू पडतो. उलटी थांबवणाऱ्या गोळ्या निघण्यापूर्वी अर्धा-एक तास घेतल्या तरच उपयोगी पडतात. मळमळ सुरू झाल्यावर जठराचे काम मंदावते आणि गोळी तशीच पडून राहते. यांतील बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, म्हणून वाहन चालवणाऱ्याने त्या टाळाव्यात. आल्याचा तुकडा किंवा आलेपाक यांचा परिणाम सौम्य असला तरी तो केवळ मानसिक नाही.

महामार्ग आणि रोखलेली तहान

मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि पुढे दशकभराहून अधिक काळ रेंगाळले. खड्ड्यांनी कंबरेची होणारी दशा सर्वांना ठाऊक आहे. त्याहून कमी बोलला जाणारा त्रास मूत्रमार्गाचा. वाटेत स्वच्छ स्वच्छतागृह मिळण्याची खात्री नसल्यामुळे अनेक स्त्रिया प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. गणेशोत्सवात कोंडी झाली की हा उपवास आठ-दहा तासांचा होतो. लघवी कमी तयार होते, जी होते ती रोखून धरली जाते आणि मूत्राशयात शिरलेल्या जिवाणूंना वाढण्यास सवड मिळते. दुसऱ्या दिवशीची जळजळ आणि थंडीताप यांचे खापर नंतर समुद्रस्नानावर फुटते. मुतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांना तर ही रोखलेली तहान दुप्पट महाग पडते. यावर वैद्यकीय उपाय आहेत, पण मूळ दोष सार्वजनिक व्यवस्थेचा आहे, हे नोंदवून ठेवायला हवे.

दमट उष्णता

शरीर थंड होते ते घाम आल्याने नव्हे, तर घाम वाळल्याने. एक लिटर घाम पूर्ण वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो. हवेत आधीच बाष्प भरलेले असेल तर घाम वाळत नाही, नुसता निथळतो. शरीरातील पाणी आणि मीठ जाते, उष्णता मात्र आतच राहते. म्हणूनच भारतीय हवामान विभागाचा उष्णतेच्या लाटेचा निकष मैदानी भागासाठी ४० अंश सेल्सिअस असला, तरी किनाऱ्यासाठी ३७ अंशांपासून विचार सुरू होतो.

रोहा तालुक्याच्या सीमेलगत असलेल्या भिरा येथे मार्च २०१७ च्या अखेरीस ४६.५ अंशांची नोंद झाली आणि एका आडबाजूच्या गावाचे नाव देशभर गाजले. वास्तविक अधिक बोलका दाखला खारघरचा आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी तेथे भर दुपारी मोकळ्या मैदानात झालेल्या महाराष्ट्रभूषण पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जण दगावले. त्या दिवशी पारा होता ३८ अंशांच्या आसपास. विदर्भातील माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण दमट हवा, सावलीचा अभाव आणि तासन्‌तास बसून राहणे हे तीन घटक एकत्र आले की तेवढे तापमान पुरते.

उष्ण हवेची सवय होण्यास शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर येऊ लागतो आणि त्यातील मीठ कमी होते. शनिवार-रविवारची सहल या सवयीला अवधीच देत नाही. वातानुकूलित कार्यालयातून थेट काशीदच्या वाळूत दुपारी एक वाजता उतरलेले शरीर त्या हवेला अगदी नवखे असते. चक्कर, डोकेदुखी, पायांत गोळे येणे ही पहिली पायरी. सावली, पाणी आणि मीठ यांनी ती परतवता येते. शरीराचे तापमान ४० अंशांवर जाऊन माणूस असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात होय. अशा वेळी तोंडाने पाणी पाजण्यात वेळ दवडणे घातक ठरते, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. कपडे सैल करून अंगावर पाणी ओतणे, वारा घालणे आणि त्याच वेळी रुग्णालयाकडे निघणे, हा क्रम योग्य.

पिण्याचे पाणी

पेण तालुक्यात हेटवणे धरण आहे आणि त्याचे पाणी नवी मुंबईच्या बाजूलाही जाते. त्याच तालुक्यातील खाडीलगतच्या खारेपाट पट्ट्यात मात्र उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहिली जाते, कारण तेथील जमिनीखालचे पाणी खारट आहे. पर्यटकाच्या आरोग्याशी या विषमतेचा थेट संबंध आहे. टँकरचे पाणी टाकीत, पिंपात, हंड्यात असे हातोहात साठवले जाते आणि प्रत्येक टप्प्यावर दूषित होण्याची संधी वाढते. ताटात येणारे अन्न गरम असते, पण ताट ज्या पाण्यात विसळले जाते ते त्याच पिंपातील असते. सरबतातला बर्फ, चिरून ठेवलेली काकडी-कांदा आणि पातळ केलेली चटणी या तीन वाटांनी जंतू बाटलीबंद पाणी पिणाऱ्यालाही गाठतात.

पाणी खळखळून एक मिनिट उकळले की रोगकारक जिवाणू, विषाणू आणि आमांशाचे परजीवी मरतात. क्लोरीनच्या थेंबांनी जिवाणू व विषाणू मरतात, पण काही परजीवींची कवचयुक्त अंडी तग धरू शकतात. पाणी गढूळ असेल तर क्लोरीनची शक्ती गाळातच खर्च होते, म्हणून आधी गाळणे आवश्यक. क्षार मात्र कोणत्याही उकळीने जात नाहीत. खारट पाणी आटवल्यास अधिकच खारट होते.

मीठ-साखरेचे द्रावण

प्रवासातील जुलाब बहुधा दोन-चार दिवसांत आपोआप थांबतात. धोका जंतूंपेक्षा शरीरातून जाणाऱ्या पाण्याचा अधिक. नुसते पाणी प्यायल्याने ते भरून निघत नाही, कारण आजारी आतडे ते नीट शोषत नाही. पण सोडियम आणि ग्लुकोज एकत्र असतील तर आतड्याच्या पेशींतील एक वाहक प्रथिन दोघांना जोडीने आत घेते आणि त्यांच्यामागोमाग पाणीही शिरते. जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी राहते, यावरच सारा उपचार उभा आहे.

१९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून देण्याच्या सलाइनचा साठा संपत आला. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात विरघळवून पिंपे भरली आणि रुग्णांच्या नातेवाइकांकरवी ते पाजले. सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. मरणोत्तर पद्मविभूषण त्यांना २०२३ मध्ये मिळाले. एवढ्या साध्या गोष्टीची दखल घ्यायला अर्धशतक लागले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रानुसार एका पाकिटात २०.५ ग्रॅम क्षार व ग्लुकोज असतात आणि ते पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असतात. अर्धे पाकीट पेल्यात टाकून अंदाजाने पाणी ओतणे ही सर्वत्र दिसणारी चूक आहे. द्रावण दाट झाले की ते आतड्यातून उलट पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ चालते. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम अल्प. म्हणून ते पूरक आहे, पर्याय नव्हे. शीतपेयांत साखर फार आणि मीठ नगण्य. शौचातून रक्त जाणे, तीव्र ताप, लघवी बंद होणे किंवा मूल सुस्त पडणे ही या घरगुती उपचाराची सीमा होय.

मासळी

ताज्या मासळीचे जेवण हे या किनाऱ्याचे मुख्य आकर्षण. जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांना समुद्रात बंदी असते. तेव्हा ताटात पडणारी सुरमई बहुधा शीतगृहातील असते. खाडीची मासळी तेवढी ताजी मिळू शकते. बांगडा, कुपा, सुरमई या जातींचे मासे पकडल्यानंतर उन्हात राहिले तर जिवाणू त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार करतात. असा मासा खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल होणे, अंगावर गांधी उठणे, धडधड असा त्रास होतो आणि तो मासळीची ॲलर्जी समजला जातो. हिस्टामिन तळल्याने किंवा उकळल्याने नष्ट होत नाही. बर्फ हाच त्यावरचा एकमेव प्रतिबंध. तिसऱ्या, कालवे हे शिंपल्यातील जीव पाणी गाळून अन्न मिळवतात, त्यामुळे पाण्यातील घाणही त्यांच्यात साठते. ते अर्धेकच्चे खाऊ नयेत.

भरतीचे गणित

दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात आणि त्यांची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. यावरून कोळ्यांचा जुना हिशेब निघाला आहे : तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. सुमारे सहा तासांनी ओहोटी. हा हिशेब ढोबळ आहे, तास-अर्ध्या तासाचा फरक पडतो. पण छापील कोष्टक हाताशी नसताना अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाऊन तेथेच अडकण्यापासून तो वाचवू शकतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र-सूर्याचे आकर्षण एका रेषेत येऊन उधाणाची भरती येते. अष्टमीच्या आसपास ती कमी उंचीची, म्हणजे भांगाची असते.

उधाण नाही म्हणजे समुद्र सुरक्षित, असा निष्कर्ष मात्र चुकीचा. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तो दिवस कृष्ण अष्टमीचा, भांगाचा होता. बुडण्याचे कारण बहुधा पाण्याची उंची नसते. किनाऱ्याकडे आलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने परत जाते, तो प्रवाह पोहणाऱ्यालाही खेचतो. त्याच्या विरुद्ध थेट किनाऱ्याकडे पोहणारा दमून बुडतो. प्रवाह अरुंद असल्यामुळे किनाऱ्याला समांतर काही अंतर गेल्यास त्यातून सुटका होते. पोहता न येणाऱ्याला हे ज्ञान निरुपयोगी आहे. त्याच्यासाठी गुडघाभर पाणी हीच हद्द.

धरणाची नदी

कोलाडला भर उन्हाळ्यात कुंडलिका नदीवर राफ्टिंग होते, याचे कारण सह्याद्रीच्या पलीकडे आहे. मुळशी जलाशयाचे पाणी बोगद्यांतून आणि नळांतून घाटाखाली भिरा येथील, १९२७ मध्ये सुरू झालेल्या टाटांच्या वीजगृहात उतरते आणि वीजनिर्मिती झाल्यावर कुंडलिकेत सोडले जाते. म्हणजे नदीची पातळी पावसावर नव्हे, तर विजेच्या मागणीवर ठरते. सकाळी सोडलेले पाणी खाली येते तेव्हा आकाश निरभ्र असते. नदीपात्रातील खडकावर बसलेल्या माणसाला कोणतीही पूर्वसूचना दिसत नाही. जीवरक्षक जाकीट, शिरस्त्राण आणि मार्गदर्शक यांच्यासह राफ्टिंग तुलनेने सुरक्षित असते. त्याच नदीत इतरत्र आपापले पोहायला उतरणे हाच खरा धोका.

पावसाचे पाणी आणि लेप्टो

उंदीर, गुरे, कुत्री यांच्या मूत्रातून बाहेर पडणारे लेप्टोस्पायरा नावाचे जिवाणू साचलेल्या पाण्यात आणि चिखलात टिकून राहतात. ते माणसात शिरतात ते मुख्यतः कातडीवरील जखमेतून, भेगाळलेल्या टाचेतून किंवा डोळ्यांच्या ओलसर पडद्यातून. भातखाचरांत अनवाणी राबणारा कोकणातील शेतकरी हा त्यांचा नेहमीचा बळी. पावसाळी भटकंतीला आलेला पर्यटक हा नवा. तीव्र ताप, पोटऱ्यांत असह्य वेदना आणि डोळे लाल होणे ही लक्षणे दिसली की विलंब नको, कारण पुढे कावीळ व मूत्रपिंडाचा बिघाड संभवतो. वेळीच दिलेले साधे प्रतिजैविक पुरेसे असते. बंद बूट आणि जखमेवर जलरोधक पट्टी हा प्रतिबंध. चिखलातून चालणे अटळ असेल तर प्रतिबंधक गोळीबाबत डॉक्टरांचा सल्ला घेता येतो.

विंचू आणि साप

पाण्याच्या सूत्रात न बसणारा विषय, पण या जिल्ह्यात तो वगळणे अयोग्य ठरेल. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने एके काळी गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. महाड परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून निरीक्षणे टिपली. दंशानंतर दरदरून घाम, थंड हातपाय, उलट्या, मग फुप्फुसात पाणी, असा क्रम त्यांना दिसला. या विषाने शरीरातील उत्तेजक संप्रेरके अनावर होऊन हृदय थकते, हे ओळखून त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध वापरले आणि मृत्यूचे प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या आसपास उतरले. त्यांचे संशोधन १९८२ पासून 'लॅन्सेट'मध्ये आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पर्यटकासाठी मुद्दा एवढाच की, दंशानंतर वेदना फार नसली तरी घाम सुटला असेल तर ते गांभीर्याचे लक्षण आहे. रात्री ओसरीवर ठेवलेले बूट सकाळी झटकून घालावेत.

सापांपैकी मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावतो आणि दंश जाणवतही नाही. पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या यांवरून कळते. नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार या चौघांवर एकच प्रतिसर्पविष चालते. चिरा देणे, आवळून बांधणे, मांत्रिक गाठणे या गोष्टींत ते मिळण्याचा वेळ जातो. पेण, रोहा आणि माणगाव येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत, अलिबागला जिल्हा रुग्णालय. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून चालू आहे.

नेहमीची औषधे

रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी व मीठ बाहेर टाकतात. त्यात घाम आणि जुलाबाची भर पडली की रक्तदाब एकदम घसरतो. उलट पेणचे पापड, लोणची, सुकी मासळी यांतून मीठ अमाप पोटात जाते. दोन्ही टोके एकाच दिवशी गाठली जाऊ शकतात, म्हणून दीर्घकालीन रुग्णांनी मात्रेबद्दल निघण्यापूर्वीच विचारून घेणे बरे. इन्सुलिन उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवल्यास निकामी होते. ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मडक्यात ठेवण्याची खेडोपाडीची युक्ती शास्त्रशुद्ध आहे. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे तापलेल्या वाळूवर अनवाणी चालताना पडलेला फोड संध्याकाळपर्यंत कळत नाही.

पालीजवळच्या उन्हेरे येथील गरम पाण्याच्या कुंडांत सांधेदुखीसाठी स्नान करण्याची प्रथा आहे. उष्णतेने स्नायू सैल होतात, वेदना तात्पुरती कमी होते. मात्र त्याच उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि कुंडातून झटकन उठणाऱ्या वृद्धाला भोवळ येते. उघड्या जखमा असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी तेथे उतरू नये.

परतल्यानंतरचा ताप

जंतूंचा शिरकाव आणि लक्षणे यांच्यात काळ जातो. डेंग्यूत तो साधारण ४ ते १० दिवसांचा, लेप्टोत बहुधा ५ ते १४ दिवसांचा, विषमज्वरात एक ते तीन आठवड्यांचा असतो. व्हायव्हॅक्स प्रकारचा मलेरिया यकृतात दडून काही महिन्यांनीही उलटतो. त्यामुळे सहलीतील आजार पुष्कळदा मुंबई-पुण्याच्या दवाखान्यात प्रकट होतो, जेथे भातखाचर किंवा ओढा कोणाच्या डोळ्यांसमोर नसतो. तपासणीच्या वेळी प्रवासाचे ठिकाण, तारीख आणि पाण्याशी आलेला संपर्क एवढी माहिती डॉक्टरांना मिळाली, तर कोणती रक्तचाचणी आधी करायची हे ठरवणे सोपे जाते.